जुना लॅपटॉप संपला, आता मॅक मिनी घेऊ का? (गुहागर, लाईटचा भरोसा नाही)

होमस्टेवाला_गुहागर
नमस्कार मंडळी. माझा लॅपटॉप २०१५चा, बिजागरी तुटलीय म्हणून स्क्रीन भिंतीला टेकवून वापरतो, बॅटरी फुगून टचपॅड वर आलंय. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हापासून ११ टाका म्हणून मागे लागलाय आणि टाकायला गेलं की तोच म्हणतो तुमचा प्रोसेसर चालणार नाही. मागच्या महिन्यात पुण्याला भावाकडे ॲपलचा एम४ चिपवाला मॅक मिनी बघितला, नुसता डबा, स्क्रीन वेगळी लावायची. जेमतेम पाच इंच बाय पाच इंच, उंची दोन इंच, आवाज नाही काही नाही. काऊंटरवर काय दिसेल राव! काम म्हणजे बुकिंग, खोल्यांचे फोटो जरा नीट करणं, हिशोबाला टॅली, आणि एप्रिल-मे मधे आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी आणि लेबलं. घेऊ का? बायको म्हणते गुपचूप लॅपटॉपच घ्या.

खातेवही_चिपळूण
फोटो आणि बुकिंगला मॅक मिनी झकास आहे, १६ जीबी रॅम बेसिकलाच मिळते आणि आला तेव्हा किंमत ५९,९०० होती, त्या पैशात वाईट नाही. पण तुमचं टॅली अडणार. ते विंडोजचं सॉफ्टवेअर, मॅकवर सरळ बसत नाही. जुन्या इंटेल चिपवाल्या मॅकवर बूट कॅम्प नावाच्या सोयीने विंडोज टाकता यायचं, २०२०ला ॲपलची स्वतःची एम१ चिप आली तेव्हापासून ते बंद. पॅरलल्स नावाच्या सॉफ्टवेअरने मॅकच्या आत विंडोज चालतं पण त्याचे पैसे वेगळे आणि ते विंडोज एआरएमवालं, म्हणजे वेगळ्या जातीच्या चिपसाठीचं, त्यामुळे डिजिटल सहीचा टोकन (तो पेनड्राइव्हसारखा) वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर आधी विचारून घ्या, मग पैसे मोजा. आणि तो टोकन खुपसायचा कुठे हाही प्रश्नच, जुनी यूएसबी त्याला एकपण नाही, सगळे टाईप-सी. हब घ्यावा लागेल, म्हणजे काऊंटरवर परत वायरींचा गुंता.
मी असतो तर विंडोजवाला मिनी पीसी घेतला असता. तोही छोटाच, मॉनिटरच्या पाठी स्क्रूने बसतो, आणि बऱ्याच मॉडेलांत रॅम नंतर वाढवता येते. मॅकमधे रॅम घेतली तेवढीच.

मालवणी_झील
एक गोष्ट कोणी सांगूक नाय. लॅपटॉपाक बॅटरी असता, लाईट गेली तरी काम चलता. ह्या डब्याक काय नाय, मॅक असो नायतर विंडोज, लाईट गेली की फट करून बंद. टॅली उघडा असताना गेली तर बस मगे रडत. युपीएस शिवाय घेव नको.

रिपेरिंगवाला_दापोली
झील बरोबर बोलला, पण युपीएस मोठा नको. एम४ मिनी नुसता चालू असताना ४-५ वॅट खातो, अगदी ताणला तरी ६५च्या आत. मॉनिटर आणि राउटर धरूनही ६००व्हीएचा साधा युपीएस भरपूर झाला. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठी नॉर्मल आणि युपीएस असा खटका असतो बहुतेक, तो युपीएसवर करा. नॉर्मलवर लाईट जाता-येताना जो क्षणभर गॅप पडतो ना, पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटर मात्र रिस्टार्ट होतो.
दुसरं, खारा वारा. माझ्याकडे किनाऱ्यावरची मशीन येतात त्यांच्या पोर्टांत हिरवट थर धरलेला असतो, पिना दिसत पण नाहीत. डबा खिडकीशी ठेवू नका आणि पावसाळ्यात पाहुणे नाहीत म्हणून चार महिने कपाटात पण कोंडू नका, रोज थोडा वेळ चालू करा, आतला दमटपणा जातो. रोहिणी-मृगात गडगडायला लागलं की प्लग काढा, आणि राउटरकडून येणारी लॅनची वायरसुद्धा, लोक तीच विसरतात.
आणि ती फुगलेली बॅटरी आजच चार्जिंगवरून काढा हो! टाचणी-स्क्रूड्रायव्हर लावू नका, दुकानात नेऊन काढून घ्या.

होमस्टेवाला_गुहागर
बॅटरीचं घाबरवलंत, उद्याच नेतो. डिजिटल सहीचा टोकन आहे माझ्याकडे, म्हणजे मॅक कटापच म्हणायचा. विंडोजचा मिनी पीसी बघतो मग, जरा देखणा मिळाला तर. मॉनिटरऐवजी हॉलमधला ३२ इंची टीव्ही लावला तर?

खातेवही_चिपळूण
एचडीएमआयने लागेल. पण त्या साईजचे बरेच टीव्ही नुसते एचडी रेडी असतात, म्हणजे चित्राचे ठिपके कमी, दोन हातांवरून टॅलीतले आकडे फुटल्यासारखे दिसतात. आधी आत्ताचाच लॅपटॉप जोडून तासभर बसून बघा, चार्जर काढून… नको, बॅटरी काढून झाल्यावरच बघा.

मालवणी_झील
आणि टीव्हीवर मॅच असली मगे? वहिनी म्हणता तोच बरा.