१८ गिअरच्या जुन्या सायकलीसाठी शिफ्टर हवेत, मुंबईत कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

जुन्या सायकलींच्या सुट्या भागांसाठी मुंबईतला बाजार पालथा घातलेल्या कुणाची तरी मदत हवी आहे.

माझी सायकल १९९७ची. पुढे तीन दातेरी चकत्या, मागे सहा, असे अठरा गिअर. फ्रेम देशी, स्टीलची, आजच्या मानाने जड आहे, पण कुठेही गंजलेली नाही. दोन्ही रिम सरळ आहेत, हँडल ज्यावर फिरतं त्या हेडसेटमध्ये खेळ नाही, मागच्या चाकाच्या बेअरिंगचे कोन आणि गोळ्या अलीकडेच बदलून घेतल्यात. मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहते आणि पवईला कामावर याच सायकलने जाते. पाऊस अगदीच कोसळत असेल तर बस, एरवी हीच. सायकल उत्तम चालते. अडलंय ते फक्त हँडलवरच्या, गिअर बदलायच्या दोन शिफ्टरांपाशी.

उजवीकडचा, म्हणजे मागच्या गिअरचा शिफ्टर पकडच घेत नाही. अंगठ्याने दांडा दाबला की तो पोकळ जातो आणि परत येतो. 'टक' असा आवाज येत नाही, वायर ओढली जात नाही. आधी थंडीतल्या सकाळी असं व्हायचं आणि दोन-चार वेळा दाबल्यावर पकडायचा. आता दुपारच्या उन्हातही तेच. डावीकडचा आतून ठीक असावा, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल आडवी पडली तेव्हा त्याची हँडलला धरणारी पकडपट्टी तडकली. स्क्रू कितीही आवळला तरी शिफ्टर हँडलवर गोल फिरतो. दोन्हींवरचं नाव झिजून गेलंय, त्यामुळे मॉडेल सांगता येत नाही.

वायरला ताण नसला की मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आपोआप सगळ्यात लहान चकतीवर, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर जाऊन बसतो. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला) लागलं की रेल्वेवरचा पूल, पुढे गांधीनगरचं जंक्शन, मग आयआयटीकडे जाणारा रस्ता. सकाळी मागे डंपर आणि बेस्टची बस असताना पुलाच्या चढावर जड गिअरवर उभं राहून पेडल मारणं सुरक्षित नाही. तात्पुरता उपाय म्हणून डिरेलरवरचा 'एच' लिहिलेला स्क्रू आत फिरवून चेन तिसऱ्या चकतीवर अडवून ठेवली आहे. कुणाचा शिफ्टर वाटेत गेला तर हे लक्षात असू द्या, एका स्क्रूड्रायव्हरवर घरी पोचता येतं.

आता सायकलीची मापं. यावरूनच काय बसेल ते ठरणार आहे:

मागे हबवर सरकवून बसवायची कॅसेट नाही, आट्यांवर बसणारं जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील आहे, १४ ते २८ दातांचं. सगळ्यात लहान चकतीच्या मध्यापासून सगळ्यात मोठीच्या मध्यापर्यंत पट्टी लावली तर साडेसत्तावीस मिलिमीटर भरतात. पाच फटी, प्रत्येकी साडेपाच मिलिमीटर. डिरेलर शिमानोचा आहे, त्यावर 'एसआयएस' छापलंय, म्हणजे खटक्याखटक्याने गिअर बदलणारी इंडेक्स पद्धत. हँडल सरळ आहे आणि ग्रिपच्या जागी त्याची जाडी २२.२ मिलिमीटर आहे. ब्रेकची लिव्हर आणि शिफ्टर वेगवेगळे आहेत, प्रत्येकाची पकडपट्टी स्वतंत्र.

ब्रेक कँटिलिव्हर आहेत. वरून आलेली वायर चाकाच्या डोक्यावर दोन बाजूंना फुटते आणि दोन्ही बुटांना ओढते, तो प्रकार. हे मुद्दाम सांगते, कारण दुकानात गेलं की ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर एकत्र असलेला जोड पुढे करतात. तो जोड बहुतेक वेळा नव्या पद्धतीच्या व्ही-ब्रेकसाठी बनवलेला असतो. व्ही-ब्रेकची लिव्हर जास्त वायर ओढते आणि त्या बदल्यात जोर कमी लावते. ती कँटिलिव्हरला जोडली की हाताला ब्रेक घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चाक मात्र थांबत नाही. जेव्हीएलआरच्या उतारावर हा धोका मला नको. माझ्या लिव्हर चांगल्या आहेत, त्या राहू द्यायच्या आहेत.

आतापर्यंत दोन दुकानांत विचारलं. एकाने सांगितलं, सहाचं सामान आता येत नाही, मागे-पुढे सगळं बदला. तो खर्च नव्या सायकलीच्या जवळ जातो. दुसऱ्याने सात गिअरचा शिफ्टर दाखवला आणि "चालून जाईल" म्हणाला. पण सातच्या फ्रीव्हीलमध्ये चकत्यांमधलं अंतर पाच मिलिमीटर असतं, माझ्याकडे साडेपाच. प्रत्येक खटक्याला अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडत गेला तर चौथ्या-पाचव्या गिअरपर्यंत चेन दोन चकत्यांच्या मध्येच घासायला लागेल असं माझं गणित सांगतं. प्रत्यक्षात कुणी चालवून पाहिलंय का?

तर प्रश्न असे. सहा गिअरचा, फक्त शिफ्टर असलेला जोड मुंबईत कुठे हमखास मिळतो? काळबादेवीला जायचं तर कोणत्या प्रकारच्या दुकानात विचारू, नव्या सायकली विकणाऱ्या की घाऊक सुटे भाग ठेवणाऱ्या? चोरबाजारात जुने शिफ्टर मिळतात असं ऐकलंय, ते घेण्यात अर्थ आहे का? आणि सात गिअरचं फ्रीव्हील व सातचा शिफ्टर असा बदल केला तर मागच्या चाकात आणखी काय बदलावं लागेल?

नवी सायकल घ्या हा सल्ला कृपया देऊ नका. ज्या सायकलीचं बाकी सगळं धड आहे ती दोन खटक्यांसाठी भंगारात जावी हे मला पटत नाही.

प्रतिसाद १

ताई, तुमचं सातचं गणित बरोबर आहे. मी चालवून पाहिलंय. मधले तीन-चार गिअर जुळवता येतात, पण मग दोन्ही टोकं बिघडतात, टोकं जुळवली की मधले घासतात. रोजच्या वापराला नको.

सातचं फ्रीव्हील लावायचं असेल तर आटे तेच असतात, त्यामुळे चाकाच्या मधल्या हबवर ते बसेल. पण सातचं थोडं रुंद असतं. आत्ता तुमची लहान चकती आणि फ्रेम यांच्यात किती फट आहे ते बघा. कमी असेल तर चेन फ्रेमला घासेल, मग ॲक्सलवर वॉशर टाकून चाक पुन्हा मध्यावर आणावं लागतं, आरे ओढावे लागतात. करता येतं, पण चाक बांधणारा चांगला कारागीर हवा.

सहाचं सामान येत नाही हे मात्र खरं नाही. शिमानोच्या टुर्नी मालिकेत सहाचे शिफ्टर आहेत. अंगठ्याने फिरवायचा एसएल-टीझेड५०० आणि ग्रिपसारखा पिळायचा एसएल-आरएस३५ बघा. दोन्ही सहा आणि सात अशा वेगवेगळ्या रूपांत येतात, म्हणून घेताना खोक्यावरचा नव्हे तर शिफ्टरवरचा आकडा वाचा. पिळायचा घेतलात तर तुमची ग्रिप आखूड करावी लागेल.

प्रतिसाद २

काळबादेवीला घाऊक सुटे भागवाल्यांकडे जा. नव्या सायकलींच्या दुकानात सध्याच्या मॉडेलचाच माल असतो. शनिवार टाळून, सकाळी उशिरा गेलात तर दुकानदाराला शोधायला वेळ असतो. जुना शिफ्टर काढून सोबत न्या, तोंडी वर्णनाने चुकीचं सामान गळ्यात पडतं.

चोरबाजारात मिळतं, पण तिथला शिफ्टरही तितकाच जुना असणार. ज्या कारणाने तुमचा बंद पडला त्याच कारणाने तोही पडेल.

प्रतिसाद ३

ताई, थांबा. खरेदीच्या आधी एक करून बघा. तुम्ही लिहिलंय की आधी थंडीत पकडायचा नाही आणि दोन-चार वेळा दाबल्यावर चालायचा. हे मोडल्याचं लक्षण नाही, ग्रीस सुकल्याचं आहे. त्या काळातल्या दुहेरी दांड्याच्या शिफ्टरांत कारखान्यातून भरलेलं ग्रीस वीसेक वर्षांत मेणासारखं घट्ट होतं. आतली छोटी खिट्टी दात्यात पडायला हवी, ती त्या ग्रीसमध्ये चिकटून वर राहते. थंडीत ग्रीस जास्त घट्ट, म्हणून सकाळी त्रास जास्त.

शिफ्टर हँडलवरून काढा, आतली वायर पूर्ण बाहेर ओढा. खालच्या झाकणाचे छोटे स्क्रू काढलेत तरी चालेल, पण मधला मोठा स्क्रू अजिबात उघडू नका. त्याच्याखाली स्प्रिंग ताणून बसवलेली असते, ती सुटली की परत बसवणं फार कठीण. डब्ल्यूडी-४० किंवा ग्रीस विरघळवणारं कुठलंही डिग्रीझर नळीने आत मारा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, दांडा दाबत राहा, काळपट-पिवळा चिखल बाहेर येईल. पुन्हा मारा. बाहेर येणारं स्वच्छ दिसेपर्यंत करा. नीट वाळू द्या आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा. इथे बरेच जण चुकतात: डब्ल्यूडी-४० मारून तसंच सोडतात, ते उडून जातं आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

मग नवी वायर आत घाला, टोक हाताने ताणून धरा आणि खटके मोजा. सहाच्या शिफ्टरला पाच खटके आले पाहिजेत, आणि दुसऱ्या दांड्याने पाचही एकेक करून सुटले पाहिजेत.

वायरचं आउटर, म्हणजे बाहेरचं आवरणही बघून घ्या. गिअरचं आउटर चार मिलिमीटरचं असतं, त्यात तारा लांबीच्या दिशेने सरळ जातात, म्हणून ते दबत नाही. ब्रेकचं जाड असतं आणि त्यात तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. घाईत ब्रेकचं आउटर गिअरला लावून दिलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. मग कितीही चांगला शिफ्टर लावा, खटका कधीच जागेवर पडत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि तिसऱ्या प्रतिसादकर्त्या दादांचे विशेष.

शिफ्टर काढून वर्तमानपत्रावर ठेवला आणि सांगितलंत तसं केलं. सुरुवातीला काहीच फरक पडेना. दुसऱ्यांदा फवारल्यावर मधासारखं पिवळं, चिकट ग्रीस गोळ्या होऊन बाहेर आलं, आणि झाकणाच्या फटीतून ती खिट्टी हलताना दिसली: पितळी रंगाची, तांदळाच्या दाण्याएवढी. दांडा दाबल्यावर ती आधी अर्ध्यातच थबकत होती, मग हळूहळू पूर्ण खाली पडायला लागली. तेल सोडल्यावर पाचही खटके येतात आणि सुटतात. वायर नवी घातली. जुनं आउटर कापून पाहिलं तर ते गिअरचंच होतं, पण दोन्ही टोकांना आतून गंजलेलं, पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरत असणार. तेही बदललं, टोकांना टोप्या बसवल्या. 'एच' स्क्रू परत बाहेर घेतला. पुलाच्या चढावर मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर गेले, बसल्या बसल्या वर पोचले.

तेव्हा उजव्या बाजूचा प्रश्न मिटला. डावा राहिला. त्याची पकडपट्टी शिफ्टरच्या अंगाचाच भाग आहे, वेगळी बदलता येत नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

फारच छान! मग आता काम सोपं झालं. पुढच्या तीन चकत्यांना इंडेक्सची गरजच नाही. डावीकडे साधा फ्रिक्शनचा अंगठ्याचा शिफ्टर लावा, सनरेससारख्या कंपन्यांचे येतात. खटके नसतात, दांडा फिरवाल तेवढी वायर ओढली जाते, त्यामुळे पुढचा डिरेलर कुठलाही असो, जुळतो. शिवाय चेन किंचित घासायला लागली तर दांडा केसभर हलवून आवाज बंद करता येतो, ही सोय इंडेक्समध्ये नाही. दांडा आपोआप मागे सरकत असेल तर त्यावरचा स्क्रू थोडा आवळायचा. हँडलच्या वर बसतो, तेव्हा तुमच्या ब्रेक लिव्हरच्या आड येणार नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

हे पटलं, तसंच करते. काळबादेवीला चौकशी केली, फ्रिक्शनचे शिफ्टर आहेत, पण सुटा डावा कुणी देत नाही, जोडच घ्यावा लागतो. उजवा माझ्या उपयोगाचा नाही. विक्रोळी, कांजूर, भांडुप, पवई या बाजूला कुणाच्या जुन्या सायकलीचा उजवा शिफ्टर गेला असेल तर इथेच सांगा, जोड निम्म्या-निम्म्या पैशात घेऊ. हँडलची जाडी ग्रिपपाशी २२.२ मिलिमीटर आहे ना एवढं मोजून ठेवा. उजवा फ्रिक्शनचा असल्यामुळे मागे पाच, सहा किंवा सात कितीही चकत्या असल्या तरी चालेल. येत्या गुरुवारी मी तिकडे जाणार आहे, त्याआधी कळवलंत तर बरं.