मदत हवी आहे : कुत्रीसह भाड्याचे घर, मुलुंड की मरोळ?

नमस्कार. आम्ही दोघे आणि आमची 9 वर्षांची देशी कुत्री चिंगी यांच्यासाठी भाड्याने वन बीएचके शोधत आहोत; मात्र दोन महिने झाले तरी आमचे एकमत होत नाही. यजमानांचे कार्यालय फोर्टात असल्याने त्यांना मुलुंड पूर्व हवे, कारण तिथून सीएसएमटीची लोकल थेट मिळते. माझी नोकरी अंधेरी पूर्वेच्या सीप्झ औद्योगिक क्षेत्रात असल्याने मला मरोळ सोयीचे वाटते, आणि आरे ते कफ परेड ही मेट्रो 3 आता पूर्ण धावत असल्याने त्यांचीही सोय होईल, असे माझे म्हणणे आहे. मरोळचे भाडे मात्र जड जाते. आरे कॉलनीलगतची एक स्वस्त जागा दोघांनाही पटली होती, पण त्या भागात बिबट्याचा वावर असल्याने रात्री चिंगीला खाली नेण्याची हिंमत होईना.

चिंगीचे मागचे पाय दुखतात; जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती बसकण मारते आणि उचलून घेईपर्यंत हलत नाही. मुलुंडला टोकन देण्याच्या बेतात असतानाच सोसायटीच्या सेक्रेटरींनी कुत्र्यांना लिफ्टबंदी असल्याचे सांगितले. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी बंदी घालता येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण भाडेकरूने पहिल्याच दिवशी वाद घातला, तर घरमालक 11 महिन्यांनी करार वाढवतील का?

लिव्ह अँड लायसन्स करारात कुणी कुत्र्याचा स्पष्ट उल्लेख करून घेतला असल्यास कलमाची शब्दरचना कृपया कळवावी. तसेच मधला मार्ग म्हणून कांजूरमार्ग पूर्व कसे राहील? जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून सकाळी सीप्झला रोज जाणाऱ्यांनी खरे काय ते सांगावे; यजमान सांगतात ती प्रवासाची वेळ रविवारची असावी.