मुळा-पालकाला मायकोरायझा कशाला?

'मायकोरायझा (मुळांशी जोडीनं राहणाऱ्या बुरशीची पावडर) सगळ्याच कुंड्यांत चमचाभर टाकावा' असा सल्ला वाचला, तो मिरची-वांगी-टोमॅटोपुरता पटला. पण मुळा, मोहरी, कोबी, फ्लॉवर या कुळाची मुळं ह्या बुरशीला सहसा थाराच देत नाहीत, पालक-बीटचंही तेच. ऐरोलीत आमच्या गच्चीवर मी दोन हिवाळे पालकाला ती पावडर इमानेइतबारे घातली, फरक शून्य. (पाकिटावर 'सर्व पिकांसाठी' छापलं होतं, आणि मी विश्वास ठेवला!) उरलेली पावडर आता चवळीला जाते, तिच्या मुळांशी या बुरशीचं चांगलं जमतं.

आणखी एक, जिवंत मुळाशिवाय ही बुरशी वाढत नाही. त्यामुळे मातीवर नुसती पावडर भुरभुरून काही होत नाही. रोप लावताना खड्ड्यात, मुळांना लागेल अशी टाकायची. आणि त्याच कुंडीत डीएपीचा (स्फुरद म्हणजे फॉस्फरस भरपूर असलेल्या रासायनिक खताचा) मारा नको. बुरशीचे तंतू मुळं पोचत नाहीत तिथून स्फुरद आणून देतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. मातीत स्फुरद भरपूर असेल तर झाड तिला पोसायला फारसं राजी नसतं.