पासपोर्ट बदलला म्हणून माहेर तुटतं का?

चैत्रपालवी

गेल्या आठवड्यात 'शिस्तप्रिय' यांनी लिहिलं की लग्न करून परदेशी गेलेल्यांनी तिकडचं नागरिकत्व घ्यायचं आणि वर भारताकडे दुहेरी नागरिकत्व मागायचं, हे दोन डगरींवर पाय ठेवणं आहे, दुटप्पीपणा आहे. "सोय हवी असेल तर निष्ठेच्या गप्पा मारू नका," हे त्यांचं शेवटचं वाक्य. दोन दिवस गप्प बसले, पण राहवत नाही.

माझं लग्न झालं तेव्हा नवरा अमेरिकन नागरिक होता. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर मिळतं ते ग्रीन कार्ड सशर्त, दोन वर्षांपुरतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अट काढण्याचा अर्ज भरायचा, दोघांच्या सह्यांनिशी. आमचं तेव्हा धड चाललं नव्हतं. मी माझी सही करून फॉर्म टेबलावर ठेवला, त्याच्या सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी लावली. एकोणीस दिवस कागद तिथेच. तो त्यावर चहाचा कप ठेवायचा. कपाचं गोल वर्तुळ उमटलं म्हणून ते पान मी पुन्हा छापलं, पुन्हा सही केली, पुन्हा चिठ्ठी लावली. विसाव्या दिवशी त्याने सही केली. घटस्फोट झाला किंवा छळ होत असेल तर बाईला एकटीने अर्ज करता येतो, हे मला फार उशिरा कळलं. ते वीस दिवस मी या देशात कोणाच्या तरी मर्जीवर होते, एवढंच मला ठाऊक होतं.

त्यानंतर आईला अर्धांगवायू झाला. मला भाऊ-बहीण नाही. ग्रीन कार्डवर सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की नागरिकत्वासाठीच्या वास्तव्यावर प्रश्न येतात, वर्षाच्या वर राहिलं तर कार्डच सोडून दिलं असं धरतात. नागरिकाला ही भीती नाही. म्हणून जोडीदारांसाठीची तीन वर्षांची अट पुरी होताच मी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली. नीट वाचा: आईच्या उशाशी बसता यावं म्हणून मी भारतीय पासपोर्ट सोडला. तो परत आला तेव्हा कोपरा कापलेला होता आणि पानावर रद्दचा शिक्का होता. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ म्हणतं की स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. त्या 'स्वेच्छेने' शब्दावर माझा राग आहे.

शिस्तप्रिय

आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. पण मुद्द्यावर येतो.

एक, ग्रीन कार्डवाल्यांना दोन वर्षांपर्यंतचा री-एंट्री परमिट, म्हणजे बाहेर राहून परत येण्याचा परवाना, मिळतो. तो पर्याय तुम्ही लिहिलाच नाही. दोन, अमेरिकेच्या शपथेत आधीच्या देशाशी असलेली निष्ठा पूर्णपणे सोडतो असं स्वच्छ म्हटलेलं आहे. तुम्ही ते उजवा हात वर करून म्हणालात. मग भारताने तुमचं बोलणं खरं मानलं, यात भारताची चूक कुठे? तीन, आपली घटना लिहिली गेली तेव्हा फाळणी ताजी होती. कोण कुठला, हा प्रश्न रक्तातून आलेला होता. परकीय नागरिकत्व घेणाऱ्याला भारतीय न मानणारं घटनेतलं कलम ९ उगाच आलेलं नाही.

२०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. त्या सगळ्यांच्या आया आजारी नव्हत्या. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं, आयुष्यभर येजा करा, घर घ्या, नोकरी करा. मतदान आणि घटनात्मक पदं नाहीत. ती इथे राहणाऱ्यांची आहेत आणि राहावीत.

चैत्रपालवी

परमिट घेतला होता. आई अंथरुणावर चार वर्षं होती. दोन वर्षांच्या कागदावर चार वर्षांचं आजारपण कसं बसवायचं ते सांगा. आणि तेवढा काळ बाहेर राहिलं की नागरिकत्वासाठी मोजलेले दिवस पुन्हा पहिल्यापासून.

शपथेचं मान्य. ते शब्द मी उच्चारले, माझा घसा कोरडा पडला होता. पण ती शपथ देणारी अमेरिकाच प्रत्यक्षात दुसरं नागरिकत्व ठेवू देते. आणि दुहेरी नागरिकत्व ही माझ्यासारख्या रडणाऱ्या बायकांची कल्पना नाही. सरकारने नेमलेल्या सिंघवी समितीने २००२ च्या अहवालात तीच शिफारस केली होती. हाती आलं ओसीआय, म्हणजे आजीवन व्हिसा. जर्मनीसारख्या कडक देशाने २७ जून २०२४ पासून दुहेरीला सरसकट मोकळीक दिली. त्यांना निष्ठा कळत नाही का?

कोरडवाहू

तुमचं चालू द्या, पण मला एक विचारायचंय. माझी बहीण लग्न होऊन ब्रिटनला गेली, तिकडची नागरिक झाली. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. आता पीककर्ज काढायचं तर बँक म्हणते सगळ्या खातेदारांच्या सह्या आणा. दर वेळी फोन, दर वेळी "बघते". विहिरीची मोटर जळाली तेव्हा तिने पैसे पाठवले का? नाही. जी परकीय झाली तिचा इथल्या मातीवर हक्क कशाला? दुहेरी नागरिकत्व दिलं तर अशा बहिणी आणखी घट्ट बसतील. ओसीआयला शेतजमीन घेता येत नाही ना? मग ही कशी काय मालकीण?

उंबरठा

दादा, मी त्याच बहिणींतली एक. माझ्या भावाने मला सांगितलं, "तू आता परदेशी, कायद्याने तुझा हिस्सा गेला, सही केलीस तर कागद स्वच्छ होतील." मी सुट्टीवर आले होते, चौथ्या दिवशी परतीचं विमान. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात यंत्रावर अंगठा ठेवला, फोटो काढला, हक्कसोडपत्र झालं. वाचलंसुद्धा नाही. माझा हक्क गेलेलाच नव्हता हे दोन वर्षांनी एका वकिलाने सांगितलं. भाऊ त्यानंतर फोन उचलत नाही. मोटरचे पैसे मागायला तुम्ही हक्काने फोन करता, हिस्सा द्यायच्या वेळी मात्र आम्ही परक्या.

कोरडवाहू

तुमच्या भावाचा राग माझ्यावर काढू नका. मी कोणाला फसवलेलं नाही. उन्हातान्हात मी राबतो, पोटाला चिमटा घेऊन हप्ते मी भरतो. तुम्ही लोक एसीत बसून हिस्सा मागता.

उंबरठा

एसी? लग्नानंतर पहिली सहा वर्षं मी वृद्धाश्रमात रात्रपाळी केली. जोडीदाराचा व्हिसा वाढवायचा तर उत्पन्नाचा पुरावा लागतो, प्रत्येक वेळी बँकेची पानं मोजून लावली. ती उत्पन्नाची अट १८,६०० पौंडांवरून एप्रिल २०२४ मध्ये नव्या अर्जदारांसाठी २९,००० झाली. आज लग्न करून येणाऱ्या मुलींकडे बघून पोटात गोळा येतो. राबणं काय असतं ते मला शिकवू नका.

दस्तलेखक

दोघंही जरा थांबा, इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. वीस वर्षं हेच कागद करतोय म्हणून सांगतो.

शेतजमीन *विकत* घेण्यावरची बंदी परकीय चलनाच्या नियमांतून येते आणि ती भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआयलाही आहे. नागरिकत्व दुहेरी केलं तरी परदेशात राहणाऱ्याला ती तशीच लागू राहील. त्यामुळे चैत्रपालवी यांची मागणी आणि कोरडवाहू यांची भीती यांचा संबंध नाही. *वारसाने* आलेली शेतजमीन मात्र ओसीआयलाही मिळते आणि ठेवता येते. विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि आपल्या राज्यात घेणारा शेतकरी हवा. मुलीचा वडिलोपार्जित हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने जन्मापासूनचा आहे, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी पक्का केला. पासपोर्ट बदलून तो जात नाही. "परदेशी झालीस, हक्क गेला" असं सांगून घेतलेल्या सह्या मी पाहिल्या आहेत, आणि दर वेळी मान खाली गेली आहे.

वाटसरू

मी उलट बाजूचा. बायको परदेशी, आम्ही इथे राहतो. तिला ओसीआय मिळायला लग्न नोंदवून दोन वर्षं टिकलेलं दाखवावं लागलं. घटस्फोट झाला तर ते ओसीआय रद्द होऊ शकतं. भारतीय नागरिकत्व हवं तर सात वर्षांचं वास्तव्य आणि तिकडचं नागरिकत्व सोडायचं. चैत्रपालवी, तुमच्या टेबलावरच्या फॉर्मचं वाचून मला माझीच बायको आठवली. भांडणात एकदा मी रागाने "जा मग परत" म्हणालो. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेलो नाही. तिचा इथला प्रत्येक कागद माझ्याशी बांधलेला होता आणि ते तिला माझ्याआधी कळलं होतं. मूळ प्रश्न पासपोर्ट एक की दोन हा नाहीच. जोडीदाराचं राहणं दुसऱ्याच्या मर्जीवर का, हा आहे.

शिस्तप्रिय

वाटसरू यांचा मुद्दा मला पटतो. पटतो म्हणजे एवढ्यापुरता. लग्न मोडल्यावर माणसाला दाराबाहेर काढणारा नियम आपला असो की अमेरिकेचा, तो बदलायला हवा. विधी आयोगानेही फेब्रुवारी २०२४ च्या २८७ व्या अहवालात एनआरआय आणि ओसीआय यांच्या भारतीयांशी होणाऱ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा म्हटलंय, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण मतदानाचा हक्क दोन देशांत? नाही. त्यावर मी हलणार नाही. माझा धाकटा भाऊ सैन्यात होता. सीमेवर उभ्या माणसाला दुसरा पासपोर्ट खिशात ठेवण्याची सोय नसते.

चैत्रपालवी

मतदान नको मला. खरंच नको, हे आधीच लिहायला हवं होतं. मला एवढंच हवंय की तो कोपरा कापताना कायद्याने मला 'स्वेच्छेने गेलेली' म्हणू नये. आई गेली तेव्हा मी जवळ होते. ज्या कागदाने ते शक्य झालं, त्याच कागदासाठी तुम्ही मला दुटप्पी म्हणालात.

शिस्तप्रिय

दुटप्पी हा शब्द मागे घेतो. बाकी मत तेच.

कोरडवाहू

दस्तलेखक, बहिणीने एकदाच मुखत्यारपत्र दिलं तर दर वेळच्या सह्या वाचतील का? हक्कसोडपत्र मागणार नाही. मागणार होतो, आता नाही.

दस्तलेखक

वाचतील. पीककर्ज, फेरफार, पाणीपट्टी अशी कामं नावानिशी लिहा, विक्रीचा अधिकार त्यात घालू नका, म्हणजे तिलाही धीर राहील. सही तिकडे भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरायचा, हे विसरतात लोक. आणि कधी वेगळं व्हायचंच झालं तर सगळ्या खातेदारांच्या संमतीने तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होतं.

उंबरठा

कोरडवाहू दादा, मसुदा आधी तिला वाचायला पाठवा. विमानाच्या आदल्या दिवशी नको.