थिसिससाठी पबमेडवर मेश हवंच का?

परळचा रेसिडेंट: थिसिसचा विषय मुंबईतला एमडीआर टीबी, म्हणजे अनेक औषधांना दाद न देणारा क्षय. लेख शोधतोय पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत. गाइड म्हणतात, मेश संज्ञा (लेखांना विषयानुसार लावलेली ठरावीक नावं) लावल्याशिवाय शोध ग्राह्य नाही. मला हे पटत नाही. 'हार्ट अटॅक' टाकलं तरी पबमेड आपणहून 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'चे लेख आणतं. वॉर्ड आणि ओपीडी उरकून रात्री बसणाऱ्याने शोधसूत्रातल्या कंसांची उतरंड कशाला रचायची? शिवाय मेश लागायला महिने जातात, ताजे लेख हुकतात.

ग्रंथपाल, दादर: महिने जायचे, पूर्वी. २०२२ पासून मेडलाइनच्या, म्हणजे पबमेडमधल्या मुख्य सूचीच्या, लेखांना मेश यंत्राने लागतं, बहुतेकदा दिवसभरात. आणि पबमेड शब्द मेशशी जुळवतं, पण काय जुळवलं ते तुम्ही कधी बघता का? अ‍ॅडव्हान्स्डमध्ये हिस्टरीतलं डिटेल्स उघडा. शब्द अवतरणचिन्हांत टाकला की ती जुळवाजुळव बंद होते. मुलं सर्रास तसंच टाकतात आणि येऊन सांगतात, "मॅडम, यावर काहीच नाही." मग थिसिसमध्ये छापलं जातं की भारतात यावर काम झालेलं नाही. ज्यांनी आयुष्य घालून ते काम केलं, त्यांच्यावर हा अन्याय आहे.

पीएसएमवाला (सामाजिक वैद्यकशास्त्र): मॅडम, अन्याय नुसत्या मेशनेही होतो. मेश मेडलाइनच्या नोंदींना असतं. आपली कितीतरी नियतकालिकं पबमेडमध्ये येतात ती पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या मोफत संग्रहातून. त्यांच्या लेखांना मेश नसतं, म्हणजे ते गळालेच. मी रेसिडेंटच्या बाजूने. फक्त डॉक्टर, 'मुंबई'सोबत ऑर ('किंवा') लावून 'बॉम्बे'ही टाका, नाहीतर १९९५ आधीचं बरंच निसटेल. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांचा 'बॉम्बे' या दुर्मीळ रक्तगटाचा १९५२चा लेख शोधून बघा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, पण शीर्षकात 'बॉम्बे' नाहीच, एबीओशी संबंधित 'नव्या' गुणधर्माचा उल्लेख आहे.

ग्रंथपाल, दादर: सर, हे उदाहरण तर माझ्या बाजूचं झालं! शीर्षकात शब्द नाही, त्या काळच्या नोंदींना सहसा सारांशही नसतो. मग साधा शब्द जुळणार कशाशी? अशा वेळी विषयाची संज्ञाच हात देते.

परळचा रेसिडेंट: थिसिससाठी मेश आणि साधे शब्द ऑरने जोडतो, चला. पण रात्री पेशंट समोर असताना मी साधे शब्दच टाकणार.

ग्रंथपाल, दादर: जरूर टाका, पबमेडच्या क्लिनिकल क्वेरीज या रुग्णोपचाराच्या प्रश्नांसाठीच्या शोधपानावर टाका. थिसिसचं शोधसूत्र मात्र तारखेसकट जसंच्या तसं परिशिष्टात द्या, परीक्षकाला पुन्हा चालवून बघता आलं पाहिजे.