रीफ टँकसाठी खात्रीचा एटीओ कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आपल्यात रीफ टँक (जिवंत कोरलचा खाऱ्या पाण्याचा टँक) ठेवणारे तीन-चार जण आहेत हे मागे कधीतरी कळलं होतं म्हणून इथेच विचारते. माझा टँक आणि खालचा संप (पंप, स्किमर वगैरे ठेवायची टाकी) मिळून साधारण 200 लिटर पाणी आहे, त्यातलं रोज 3 लिटर उडून जातं, आणि आत्तापर्यंत मी सकाळ-संध्याकाळ मगने आरओडीआय (क्षार काढलेलं गोडं) पाणी हातानेच टाकत आले. गेल्या महिन्यात चार दिवस घरी नव्हते. परत आले तर रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टँकमध्ये पाठवणारा) हवा ओढत खरखरतोय, टँकमध्ये बारीक बुडबुडेच बुडबुडे, हॅमर कोरल पार आक्रसलेला, आणि सॅलिनिटी (खारेपणा, हजार भागांत मीठ किती) मोजली तर 37 च्या वर. त्या दिवशी थोडं थोडं पाणी टाकत रात्रीपर्यंत खाली आणली. कोरल वाचला, पण त्याला तसं बघून फार वाईट वाटलं.

आता पुढच्या महिन्यात दहा दिवस बाहेर जायचंय. म्हणून एटीओ (उडून गेलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) घ्यायचाच आहे, पण वाचावं तितका गोंधळ वाढतोय, कोणी म्हणतं ऑप्टिकल सेन्सरच घे, कोणी म्हणतं फ्लोट स्विच साधा आणि पक्का, आणि प्रत्येक ठिकाणी कोणाचा तरी टँक गोड्या पाण्याने भरून गेल्याची गोष्ट असतेच. मला एकच सांगा, कुठला सगळ्यात कमी बिघडतो?

---

ताई, नमस्कार.

> कुठला सगळ्यात कमी बिघडतो?

माझं म्हणणं असं की प्रश्न थोडा फिरवून विचारा. प्रत्येक एटीओ कधी ना कधी बिघडतो, तेव्हा बिघडला त्या रात्री काय होईल हे आधी बघा आणि मग मशीन निवडा. हे मी स्वतः भोगून शिकलोय. माझ्याकडे एकच फ्लोट स्विच होता, दीड वर्ष बिनतक्रार चालला, एका रात्री गोगलगाय त्या तरंगणाऱ्या भागावर चढून बसली, स्विच खाली दाबलेलाच राहिला, त्याच्या लेखी पाणी कमी होतं म्हणून पंप चालूच. सकाळी राखीव टाकी (एटीओ जिथून गोडं पाणी घेतो ती) रिकामी, संप काठोकाठ, आणि सॅलिनिटी 28. माझ्या टँकचं पाणी तुमच्याइतकंच होतं, राखीव टाकी मात्र 50 लिटरची ठेवली होती, कारण मला वाटायचं मोठी टाकी म्हणजे निश्चिंती. दोन क्लॅम (शिंपले) होते, दोन्ही गेले. चार वर्षं वाढवलेले जीव होते ते.

म्हणून पहिला निर्णय सेन्सरचा नाही, राखीव टाकीच्या मापाचा. तुमचं गणित करून दाखवतो. 200 लिटर पाणी, सॅलिनिटी 35. टाकी 15 लिटरची असेल आणि सगळीच्या सगळी आत गेली तर सॅलिनिटी होईल 32.6 च्या आसपास. धक्का बसेल, पण बहुतेक जीव निभावून नेतील. 25 लिटर गेले तर 31. 50 लिटर गेले तर 28, म्हणजे माझं झालं ते. रोजचे 3 लिटर धरले तर 15 लिटर पाच दिवस पुरतात. दहा दिवसांसाठी 30 लिटरची टाकी लावण्यापेक्षा पाचव्या दिवशी शेजारच्या कोणालातरी सांगून एक भरलेला कॅन राखीव टाकीत ओतायला लावा, कॅन आधीच भरून खूण करून ठेवा, त्यांना संपला हातही लावायला लागत नाही.

आणि संपमध्ये रिकामी जागा किती आहे तेही मोजा. रिटर्न पंप बंद केला की टँकमधलं थोडं पाणी खाली येतं, ते आल्यावरही वर 15 लिटरची जागा उरली पाहिजे, नाहीतर लाईट गेली आणि एटीओ त्याआधीच जास्त भरून बसलेला असला की पाणी जमिनीवर.

आता सेन्सर. फ्लोट स्विच स्वस्त आणि समजायला सोपा, पण हलणारा भाग आला की गोगलगाय, मीठ, कॅल्शियमचा थर, नळीत राहणारे किडे हे सगळं आलंच. शिवाय त्याच्या आत जो रीड स्विच (चुंबकाने चालणारा) असतो त्यातून मोठ्या पंपाचा करंट थेट नेला तर त्याचे काँटॅक्ट चिकटून बसतात आणि मग तो फ्लोट वर गेला तरी बंद होत नाही. मध्ये रिले (मोठा करंट स्वतःवर घेणारा स्विच) हवा किंवा कमी व्होल्टेजचा छोटा डीसी पंप हवा. ऑप्टिकल सेन्सरमध्ये हलणारं काही नाही, इन्फ्रारेड किरण परत येतो की पाण्यात निघून जातो यावरून त्याला पाणी कळतं. पण टोकावर शेवाळ किंवा मिठाचा थर आला, बुडबुडे चिकटले, वरून प्रखर लाईट पडला की तोही फसतो. म्हणजे दोघंही फसतात, फक्त वेगवेगळ्या कारणांनी. याचाच फायदा घ्यायचा. नेहमीचं काम ऑप्टिकलने करायचं आणि दोन-तीन सेंटीमीटर वर फ्लोट स्विच नुसता थांबवण्यासाठी ठेवायचा. एकाच जातीचे दोन सेन्सर शेजारी शेजारी लावले तर दोघांवर एकाच वेळी थर बसतो.

टुंझेचा ऑस्मोलेटर याच धर्तीचा आहे, खाली ऑप्टिकल, वर फ्लोट, आणि पंप सलग दहा मिनिटं चालला की स्वतःच बंद होऊन अलार्म देतो. नेपच्यूनच्या एटीकेमध्ये दोन ऑप्टिकल सेन्सर आणि नळीच्या तोंडाशी विजेशिवाय चालणारा फ्लोट व्हॉल्व्ह. दुसरे कुठलेही बघितलेत तरी हेच विचारा: थांबवणाऱ्या गोष्टी किती, त्या एकमेकांपासून किती वेगळ्या, आणि वेळेची मर्यादा आहे का.

वेळेच्या मर्यादेवरही डोळे झाकून विसंबू नका हं. पंप मिनिटाला 2 लिटर टाकत असेल तर दहा मिनिटांत 20 लिटर होतात, म्हणजे तुमची 15 लिटरची टाकी मर्यादा लागायच्या आतच संपलेली असेल. बादलीत पाच मिनिटं पंप चालवून बघा, जास्त वाटला तर नळीला चिमटा लावून धार बारीक करा.

---

दादांच्या सगळ्या मुद्द्यांना दुजोरा. पण सायफन राहिला, आणि माझ्या अनुभवाने सेन्सरपेक्षा जास्त टँक सायफनने बुडतात!

राखीव टाकीतल्या पाण्याची पातळी वर आणि नळीचं दुसरं टोक खाली असेल तर पंप एकदा सुरू होऊन थांबला तरी पाणी आपलं आपण वाहत राहतं, सेन्सर ओरडून सांगतोय बास झालं, पंप बंद आहे, तरी टाकी रिकामी होईपर्यंत धार थांबत नाही. मी पहिल्याच दिवशी हे केलं, नशिबाने समोर बसले होते. नळीचं टोक राखीव टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा वर पाहिजे, आणि संपच्या पाण्यात बुडलेलं नको, हवेत सुटं पाहिजे. बुडलेलं असलं तर उलटंही होतं, संपमधलं खारं पाणी राखीव टाकीत जातं. चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) भिस्त ठेवू नका, त्यात मिठाचा एक कण अडकला की तो गळतो.

दुसरं, सेन्सर रिटर्न पंपाच्या खणातच लावायचा. स्किमरच्या (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) खणात पाणी पडदीच्या उंचीमुळे जिथल्या तिथे राहतं, उडून गेलेलं सगळं शेवटच्या खणातच दिसतं. पण पंपाच्या तोंडापासून लांब, बुडबुडे नसतील त्या कोपऱ्यात.

तिसरं, पाणी बदलताना एटीओचा प्लग आधी काढा. तुम्ही खारं पाणी बाहेर काढलंत की त्याला वाटतं उडून गेलं, आणि तो बिचारा इमानाने गोडं भरायला लागतो. मी प्लगला लाल चिकटपट्टी लावलीये, पाणी बदलायच्या बादलीलाही तीच पट्टी, म्हणजे बादली हातात घेतली की आठवतं.

हेच हळूहळू पण होतं. स्किमर फार ओला चालत असेल किंवा कपातून बाहेर सांडत असेल तर खारं पाणी रोज थोडं थोडं जातं आणि त्याच्या जागी गोडं येतं. एटीओ एकदम व्यवस्थित चालू असतो आणि सॅलिनिटी तीन आठवड्यांत 35 वरून 33! म्हणून एटीओ लावला तरी आठवड्यातून एकदा मोजायचंच, आणि रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचं साधन) नुसत्या आरओ पाण्यावर शून्य करू नका, 35 चं द्रावण मिळतं त्याच्यावर करा.

---

मंडळी, मी विजेच्या वाटेला जातच नाही. टँकपेक्षा उंच राखीव टाकी, तिथून नळी, संपमध्ये साधा फ्लोट व्हॉल्व्ह, पाण्याच्या टाकीत बॉल व्हॉल्व्ह असतो तसाच, छोटा. सहा वर्षं झाली. लाईट गेली तरी चालतो, सेन्सर नाही, रिले नाही. ताईंनी उगाच एवढी यंत्रं घेऊ नयेत असं माझं मत आहे.

---

काका, तुमचा सहा वर्षं चालला कारण तुम्ही घरी असता आणि तो साफ करता, हे आदराने सांगतो. त्या व्हॉल्व्हचं रबर मीठ साचलं की पूर्ण बसत नाही आणि थेंब थेंब सुरू होतो. सेकंदाला एक थेंब म्हटलं तर दिवसाला 4 लिटरच्या आसपास होतात, म्हणजे ताईंचं रोजचं उडणारं पाणी 3 लिटर आणि गळती 4, दहा दिवस बघायला कोणी नाही. अडवणारी गोष्ट एकच आहे, ती गेली की मागे काही नाही. मला तो व्हॉल्व्ह आवडतो, पण दुसरी भिंत म्हणून, पंपाच्या नळीच्या टोकाला. तिथे त्याच्यासारखं काही नाही, कारण कंट्रोलरमधला रिले चिकटून बसला तर त्याला जोडलेले सगळे सेन्सर फुकट जातात, व्हॉल्व्ह मात्र तरीही पाणी अडवतो.

ताई, एक सावधगिरी. हा व्हॉल्व्ह साध्या छोट्या पंपालाच लावा. पेरिस्टाल्टिक पंप असेल, म्हणजे डोसिंगचा, तर बंद व्हॉल्व्हवर तो दाब वाढवत नेतो आणि नळी निसटते. तो पंप घेतला तर त्याची धार मुळातच बारीक असते, हीच त्याची सुरक्षा. मिनिटाला 50 मिली म्हणजे रात्रभर, आठ तास अडकून चालू राहिला तरी 24 लिटर. टायमरवर दिवसातून चार वेळा वीस-वीस मिनिटं ठेवला तर दिवसाला 4 लिटरच्या वर जाऊच शकत नाही.

---

काकांचा व्हॉल्व्ह आणि दादांचा फ्लोट, दोन्ही घेतले! आणखी दोन प्रश्न. राखीव टाकीत काल्कवासर (चुन्याचं पाणी) घालू का, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्हीचं काम होईल म्हणतात. आणि राखीव टाकीऐवजी आरओ युनिटचीच नळी सरळ एटीओला जोडली तर कॅनचा प्रश्नच येणार नाही ना?

---

दुसऱ्याचं उत्तर आधी: कृपा करून जोडू नका. राखीव टाकी 15 लिटरची असली तर जास्तीत जास्त 15 लिटर आत जातात, नळाला जोडलं की मर्यादाच उरली नाही, घर भरेपर्यंत पाणी. आणि आरओ युनिट दर तासाला थोडं थोडं चालू-बंद झालं तर सुरुवातीचं पाणी मेंब्रेनमधून जास्त टीडीएसचं (विरघळलेल्या क्षारांचं) येतं, प्रत्येक वेळी ते डीआय रेझिनवर (उरलेले क्षार शोषणारे दाणे) पडतं आणि रेझिन लवकर संपतं. एकदम बसून कॅन भरून ठेवणं बरं.

काल्कवासर तुम्ही बाहेरून परत येईपर्यंत नको. लिटरमागे जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतं, पण त्या पाण्याचा पीएच 12 च्या वर असतो. साधं पाणी जास्त गेलं तर सॅलिनिटी उतरते, ती चुकलीच तर हळूहळू परत आणता येते. काल्कवासर जास्त गेलं तर काही तासांत पीएच चढतो, पाणी दुधासारखं पांढरं होतं, आणि तेव्हा घरी कोणी नसेल तर फार उशीर झालेला असतो. एटीओवर तुमचा दोन-तीन महिने विश्वास बसू दे.

---

मंडळी, शेवटी लावला. खाली ऑप्टिकल, अडीच सेंटीमीटर वर फ्लोट, त्याच्याभोवती गोगलगाय चढू नये म्हणून जाळी, नळीच्या तोंडाशी काकांचा व्हॉल्व्ह, नळी हवेत सुटी आणि राखीव टाकीच्या वर. टाकी 15 लिटरची, झाकण काळं, आत उजेड जात नाही.

काल दिवसभर मुद्दाम बिघडवून पाहिला. ऑप्टिकल सेन्सर बाहेर काढून हातात धरला, फ्लोटने पंप थांबवला. मग फ्लोटही हाताने खाली दाबला, व्हॉल्व्हने अडवला. मग व्हॉल्व्हचा बॉलही दाबून धरला आणि 15 च्या 15 लिटर आत जाऊ दिले (जीव आधी दुसऱ्या टबात हलवले होते, नवीन खारं पाणीही बनवून ठेवलं होतं), रिटर्न पंप बंद केला, आणि संप काठाच्या चार बोटं खाली थांबला. ते बघितल्यावर मन शांत झालं. सॅलिनिटी 32.5 आली, दादांच्या गणिताच्या अगदी जवळ. नंतर ते पाणी काढून नवीन खारं पाणी घातलं, 35 वर आल्यावरच सगळ्यांना परत सोडलं.

सेन्सर महिन्यातून एकदा व्हिनेगरमध्ये बुडवायची तारीख कॅलेंडरवर लिहिलीये. जायला अजून साडेतीन आठवडे आहेत, तोपर्यंत रोज रात्री राखीव टाकीची पातळी लिहून ठेवणार आहे, रोज किती जातं ते नक्की कळलं की शेजारच्या काकूंना कॅन चौथ्या दिवशी ओतायला सांगायचा की पाचव्या ते ठरवते. हॅमर आज सकाळी पूर्ण फुललेला होता.