परसातील खोली : आधी पाऊस पाहावा

परसात अवजारे आणि जळण ठेवण्यासाठी पत्र्याची तयार खोली विकत घ्यावी की गवंड्याकडून बांधून घ्यावी, या आपल्या प्रश्नात घर नेमके कोठे आहे, हे सांगायचे राहिले आहे. बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीकडे पाऊस बेताचा असल्याने नटबोल्टने जोडलेली तयार खोली चालून जाते. भाड्याच्या घरात तर तीच घ्यावी, कारण ती सोडवून नेता येते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला मात्र पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस पत्र्याच्या सांध्यांतून आत शिरतो आणि बंद खोलीत पत्र्याच्या आतल्या बाजूस रात्री धरलेले पाणी थेट बियाण्याच्या पोत्यांवर ठिबकते. (आमची कुदळ एकाच पावसाळ्यात अशी गंजली की आईने ती ओळखलीच नाही.) त्यामुळे तेथे जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, दीड फूट उंचीचे जोते, भिंतीबाहेर दोन फूट आलेले उतरते छप्पर आणि पूर्वेकडे दार, असेच मी सुचवेन. खर्च अधिक येईल, हे खरे. तयार खोलीच घेणार असाल, तर आधी जोते बांधून खांब त्यात बोल्टने आवळावेत, अन्यथा वळवाचा वारा ती उचलून शेजाऱ्यांच्या परसात नेऊन ठेवील.